ईशान्येची बोअर, वायव्येचा खाळकुवा

आमच्या घरी एक नियम होता. जेवताना आईने नोकरीविषयी बोलायचं नाही. हा नियम माझ्या मुलीने शाळेत असताना केला, यजमानांनी त्याला ताबडतोब पाठिंबा दिला, आणि एरवी माझ्याशी कशावरच एकमत न होणाऱ्या सासूबाईंनीही मान डोलावली. त्यामुळे बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या संपादकांनी ‘दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा’ म्हटलं तेव्हा मी आधी विचारलं, अंक लोक फराळ करता करताच वाचतात ना? ते हो म्हणाले. म्हटलं, मग नंतर मला बोल लावू नका.

मी खाळकुव्यांची अधिकारी होते. पदाचं खरं नाव लांबलचक होतं, पण बडोद्याच्या भोवतालच्या गावांत मला ‘खाळकूवावाळां बेन’ याच नावाने ओळखत. माहेरचे आमचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात शिलेदार होते. दसऱ्याला माहेरी अजून त्यांच्या नावाने शस्त्रपूजा होते. त्यांची पणती एक दिवस पहार घेऊन लोकांच्या सेप्टिक टँकची झाकणं उघडत फिरेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

माझं काम काय, ते आधी सांगते. आम्ही जुन्या शहरात, मांडवीजवळ राहतो. आमच्या घराखालून गटाराची लाइन केव्हापासूनची आहे. आम्ही फ्लश दाबतो आणि विषय संपतो. पण शहर वाढतं ते असं लाइनीच्या मागे मागे शहाण्यासारखं वाढत नाही. आधी शेताचे प्लॉट पडतात, मग घरं होतात, मग रस्ता येतो, मग निवडणूक येते आणि मग कधीतरी ड्रेनेजची लाइन येते. तोवर ज्याच्या त्याच्या घरचं मैलापाणी ज्याच्या त्याच्या प्लॉटमध्येच जिरवावं लागतं. घरातून निघालेलं सगळं आधी टाकीत जातं. जड ते तळाला बसतं, हलकं ते वर तरंगतं, मधलं पाणी पुढे खाळकुव्यात जातं. महाराष्ट्रात याला शोषखड्डा म्हणतात. सांधे न भरलेल्या विटांची एक लहानशी विहीर, तीत विटांचे तुकडे भरलेले. पाणी विटांमधून मातीत जातं आणि माती ते पिते. पिते आणि गाळतेही. हे फुकटात होतं, म्हणून मातीच्या या उपकाराची कुणाला किंमत नसते.

ही माती पिणार का, किती पिणार, आणि ती पिते त्याच्या जवळ कुणाची विहीर किंवा बोअर तर नाही ना, हे बघून मी सही करायची. माझ्या सहीशिवाय बी.यू. मिळत नसे. बी.यू. म्हणजे इमारत वापरायची परवानगी. आमच्याकडे लग्नाच्या मुलाविषयी सांगतानाही ‘स्वतःचं मकान आहे, बी.यू. आलेली आहे’ असं सांगतात.

माती मात्र सगळीकडे सारखी नाही. शहराच्या वरच्या अंगाला गोराडू जमीन, हलकी, भुरी, पाणी गटागट पिणारी. तरसालीच्या पलीकडे काळी माती. काळ्या मातीचा स्वभाव असा की उन्हाळ्यात ती तडकते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात फुगून अशी गच्च होते की वर ओतलेलं पाणी वरच राहतं. जमीन किती पिते हे बघायला आम्ही खड्डा खणून त्यात पाणी भरतो आणि ते किती वेळात उतरतं ते मोजतो. आदल्या दिवशी खड्डा भिजवून ठेवायचा असतो, नाहीतर उत्तर खोटं येतं. हे बिल्डरांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून त्यांना परीक्षेची घाई नेमकी वैशाखात व्हायची. भर उन्हात मला शेताच्या मध्यावर उभी करून खड्ड्यात बादली ओतायचे. पाणी भेगेतून असं जायचं, जसं कुणी खालून ओढून घेतलं.

“जुओ बेन,” एक जण हात जोडून म्हणाला, “जमीन केटली तरसी छे.”

मी म्हटलं, तहानलेली नाही, फाटलेली आहे. आता रात्रभर खड्डा भरलेला ठेवा, उद्या परत येते. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी जसंच्या तसं होतं आणि त्यात एक बेडूक येऊन बसला होता. त्या बेडकाने माझं काम सोपं केलं. बिल्डरनेच कपाळाला हात लावला.

एका सोसायटीत हिरवा रंग दिलेलं सुरेख झाकण होतं. बाजूला कुंड्या होत्या. मी म्हटलं, उघडा. साइटवरचा सुपरवायझर म्हणाला, “अंदर गॅस छे बेन, तमने चक्कर आवशे.” त्याला माझी फारच काळजी. शेवटी मी पहार मागवली. झाकण उचललं तर खाली गवत. पिवळं पडलेलं, पण गवत. खड्डा नव्हताच. झाकण नुसतं जमिनीवर ठेवलं होतं आणि मैलापाणी मागच्या कांसमध्ये, म्हणजे ओढ्यात सोडलं होतं. या गोष्टी सांगताना आता हसू येतं. तेव्हाही यायचं. पण रोज तोच विनोद ऐकला की माणसाचं हसू हळूहळू विरतं, आणि नोकरीच्या शेवटाला मी अशीच झाले होते. कामाने दमले नव्हते मी. तेच तेच सांगून दमले होते.

अशा दिवसांत सावंतांचं घर माझ्याकडे आलं.

सावंत मूळचे कोकणातले. तरुणपणी बडोद्याला आले, सगळी नोकरी बाजव्याच्या बाजूला रिफायनरीत केली आणि कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहिले. निवृत्त व्हायच्या सुमारास तरसालीच्या पुढे एक प्लॉट घेतला आणि त्यावर घर बांधलं. पायापासून गच्चीपर्यंत स्वतः उभं राहून बांधलं. एक मुलगा, तो पुण्याला. घरात नवरा-बायको दोघंच. क्वार्टर सोडायची तारीख जवळ आली होती आणि वास्तुशांतीचा मुहूर्त काढून झाला होता.

मी पाहणीला गेले तेव्हा सावंत दारात उभे होते. नावावरून मी मराठी हे त्यांना कळलं होतं, त्यामुळे चेहऱ्यावर अगदी माहेरची माणसं आल्याचा आनंद. त्यांच्या पत्नी, सावंतवहिनी, पदराला हात पुसत आल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. घर खरंच छान होतं. नकाशाप्रमाणे टाकी बरोबर, काळी माती ओलांडून खालच्या पाणी पिणाऱ्या थरापर्यंत नेलेला खाळकुवा बरोबर, बांधणी तर इतकी चोख की मी मनातल्या मनात शाबासकी दिली. मग सवयीने गच्चीवर गेले. नकाशात एकच प्लॉट दिसतो. गच्चीवरून शेजारी दिसतो.

सावंतांच्या सोसायटीत रस्ता घरांच्या उत्तरेला. घरं एकाशेजारी एक, ओळीने. वास्तुशास्त्र सांगतं, पाणी ईशान्येला असावं आणि मैला वायव्येला. हे आता आमच्याकडे आठवीतल्या मुलालाही पाठ आहे. त्यामुळे प्रत्येकाने आपली बोअर आपल्या ईशान्येच्या कोपऱ्यात मारली होती आणि आपला खाळकुवा आपल्या वायव्येला खणला होता. प्रत्येकाचं घर आपापल्या जागी निर्दोष. फक्त पश्चिमेकडच्या घराची ईशान्य आणि पूर्वेकडच्या घराची वायव्य हे दोन कोपरे एकमेकांना चिकटलेले असतात, याचा विचार कुणी केला नव्हता. कारण वास्तूच्या नकाशात शेजारी नसतोच.

सावंतांच्या पश्चिमेला जयंतीभाईंचं घर होतं. जयंतीभाई निवृत्त शिक्षक. ते आधीच राहायला आले होते आणि त्यांच्या बोअरचं पाणी घरात पिण्याला होतं. वरून मला त्यांच्या बोअरचा निळा पाइप दिसत होता. मधे कंपाउंडची भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे सावंतांच्या खाळकुव्याचं झाकण. दोन शेजारणी भिंतीवरून बोलायला येऊन थांबाव्यात, तसे ते दोघं शेजारी शेजारी. सावंतांच्या स्वतःच्या बोअरला अजून धोका नव्हता, कारण त्यांच्या पूर्वेचा प्लॉट रिकामा होता. नळाचं पाणी तिकडे आलेलं नव्हतं.

मी खाली आले आणि सावंतांना सांगितलं, खाळकुवा इथे चालणार नाही. मागच्या बाजूला, आग्नेयेला घ्या. तिथून जयंतीभाईंची बोअर लांब पडते, नियमात जेमतेम बसते.

सावंतांना आधी वाटलं मी थट्टा करतेय. “आग्नेयेला? ताई, आग्नेयेला मैला? तिथे अग्नी असतो ने.”

“तुमच्या घरात गॅसची शेगडी आहे तिथे अग्नी आहे. मागच्या अंगणात माती आहे.”

वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. सावंत त्यांच्याकडे बघून म्हणाले, “क्वार्टरमध्ये आमचा संडास ईशान्येला होता. हिची दोन ऑपरेशनं झाली. माझी बढती दोनदा हातातून गेली. ते कंपनीचं घर, काय करणार? आयुष्यभर दुसऱ्याने काढलेल्या नकाशात राहिलो, ताई. हे एक घर माझ्या मनासारखं बांधलंय. यात तरी खोट नको.”

मी वास्तू मानत नाही. पण त्या माणसाचं ‘खोट नको’ मला आतून समजलं. तोही शेवटी तेच मागत होता जे मी मागत होते, की बांधलेलं नीट असावं. मी चहा घेतला, सही न करता परत आले, आणि बसमध्ये बसून मला उगाचच रडू आलं. त्या वयात बसमध्ये रडणारी बाई दिसली की लोक तिला खिडकीची जागा देतात.

मग मला एक कल्पना सुचली. त्या सोसायटीच्या टोकाला कॉमन प्लॉट होता, सर्वांच्या मालकीची मोकळी जागा. सगळ्या घरांचं मैलापाणी पाइपाने तिथे नेऊन एक मोठी टाकी आणि दोन-तीन खाळकुवे केले तर सगळ्यांचाच प्रश्न सुटणार होता. सावंतांचा, जयंतीभाईंचा, आणि अजून ज्यांनी घर बांधलं नव्हतं त्यांचाही. कुणाचीही ईशान्य-वायव्य हलवायला नको. मी एका रविवारी सोसायटीची बैठक लावायला सांगितली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः गेले. यजमान म्हणाले, तुला रविवारीही खड्डेच लागतात का.

खुर्च्या कॉमन प्लॉटवरच मांडल्या होत्या. मी सगळं समजावलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग एका बाईंनी विचारलं, “तो पछी गरबा क्यां रमीशुं?”

म्हटलं, इथेच. सगळं जमिनीखाली असणार. वर फरशी घालून देऊ, उलट खेळायला सोपं पडेल.

बैठकीत एकदम कालवा झाला. माताजीची गरबी, म्हणजे देवीचं मखर, जिथे मांडायची, जिथे नऊ दिवस अनवाणी पायांनी फेर धरायचा, त्याच्या खाली सोसायटीभरचा संडास? एका गृहस्थांनी मला समजुतीच्या सुरात सांगितलं की मी मराठी असल्यामुळे मला ते कळायचं नाही. मी जन्मापासून बडोद्यात गरबा खेळत आलेय, पायाला फोड येईपर्यंत, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता. माझी सूचना एकमताने फेटाळली गेली. जयंतीभाईंनीही विरोधात हात वर केला. ज्यांच्या पाण्यासाठी मी बोलत होते ते स्वतःच. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “बेन, सोसायटीमां रहेवुं छे ने.” सोसायटीत राहायचं आहे ना. खरंच होतं त्यांचं.

“पण भाई, पाणी तुमचं आहे,” मी म्हटलं.

“सावंतभाई सारा माणस छे,” ते म्हणाले. सावंत चांगला माणूस आहे. जसं काही चांगल्या माणसाचा खाळकुवा वेगळा असतो.

यानंतर फोन सुरू झाले. बडोद्यात मराठी माणसं एकमेकांना कुठून ना कुठून ओळखतातच. मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांचा फोन आला, की आपल्या माणसाचं काम आपणच अडवायचं म्हणजे काय? माझ्या जावेच्या माहेरहून फोन आला. माझे साहेब, सज्जन माणूस, त्यांनी मला बोलावून खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, “बेन, हवे तमारे केटलुं बाकी? शांतिथी जाओ ने.” आता निवृत्तीला राहिलंय किती, शांतपणे जा ना. त्यात धमकी नव्हती. मी शांतपणे जावं असं त्यांना खरोखरच वाटत होतं. मलाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, सही दुसऱ्या कुणाची घ्यायची तर घ्या, माझी नाही मिळायची. त्यांनीही दुसऱ्या कुणाची घेतली नाही. घ्यायला घाबरले असतील. असो.

वास्तुशांतीचा मुहूर्त टळला. सावंतांनी क्वार्टरची मुदत विनवण्या करून वाढवून घेतली. मला रस्त्यात भेटले तर मान फिरवायचे. रागाचं मला काही वाटत नसे, नोकरीत राग पुष्कळ पाहिला. पण सावंत रागावलेले दिसत नसत. हिरमुसलेले दिसत. ते बघवत नसे.

त्याच सुमारास जयंतीभाईंची सून पियरहून, म्हणजे माहेरहून बाळंत होऊन परत आली. मुलगी झाली होती. हे मला कळलं ते सावंतवहिनींकडून, कारण एका दुपारी त्या एकट्याच माझ्या कार्यालयात आल्या. नव्या घरावर रोज फेरी व्हायची त्यांची, झाडांना पाणी घालायला. जयंतीभाईंची सून त्यांना पेढे द्यायला आली होती, आणि बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवून घटकाभर गेली होती.

वहिनी खुर्चीच्या टोकावर बसल्या. कार्यालयात बायका बसतात तशा, पिशवी छातीशी धरून.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “तुमचं घर असतं तर?”

“मी आग्नेयेला खणला असता.”

“तुमच्या मनात पाल चुकचुकली नसती?”

मी खोटं बोलू शकले नाही. “चुकचुकली असती. घरात पहिलं आजारपण आलं असतं तेव्हा नक्कीच. तरी खणला असता.”

त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली. मग विचारलं, “बाळाचं दूध सुटलं की त्याला तेच पाणी देणार ना? बोअरचं?”

“उकळून देतात लोक. सुरुवातीला.”

“सुरुवातीला,” वहिनी म्हणाल्या. मग त्या उठल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या आणि म्हणाल्या, “यांना मी सांगते. तुम्ही आता काही बोलू नका.”

वहिनींनी सावंतांना काय सांगितलं, किती दिवस सांगितलं, मला माहीत नाही. पण पाऊस पडायच्या आत सावंतांचा अर्ज आला, की खाळकुवा बदलला आहे, पाहून जावं. मी गेले. वायव्येचा खड्डा बुजवून वर तुळस लावली होती. मागे आग्नेयेला नवा खाळकुवा, पहिल्याइतकाच चोख. सावंतांनी स्वतःच्या हाताने झाकण उचललं. “बघा,” एवढंच म्हणाले. मी वाकून बघितलं आणि सही केली.

वास्तुशांतीला त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं नव्हतं बोलावतील. भटजी, पाहुणे, रिफायनरीतले जुने सोबती, सगळे होते. जेवणाच्या पंगतीत सावंत स्वतः वाढत होते. माझ्यापाशी थांबून म्हणाले, “ताई, वास्तू बघायला आलेला माणूस मला म्हणाला, आग्नेयेत मैला म्हणजे घरधन्याला धोका. मी त्याला म्हटलं, आमच्या घरात घरधनी कोण हे आधी ठरू दे.” आणि वहिनींकडे बघून हसले. मी त्या दिवशी दोनदा श्रीखंड घेतलं. बऱ्याच दिवसांनी मला जेवण गोड लागलं होतं.

त्यानंतर मी निवृत्त झाले. नारळ, शाल, घड्याळ, जे मिळतं ते मिळालं. घरी बसल्यावर पहिल्यांदा कळलं की माझी झोप किती वर्षं अर्धी होती.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला. सावंत गेले. अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसले होते, वहिनी चहा घेऊन आल्या तोवर संपलं होतं. बेसणं दोन दिवसांनी घरीच. आमच्याकडे आता मराठी घरांतही गुजरात्यांसारखं बेसणं ठेवतात. ठरल्या वेळी लोक येतात, हात जोडतात, घटकाभर बसून उठतात.

मी मोबाइल हातात धरून कितीतरी वेळ बसले होते. यजमानांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. म्हटलं, मी जाऊ कशी? घरधन्याला धोका असं त्या वास्तूवाल्याने सांगितलं होतं. पहिलं वर्षही पुरं झालं नाही.

“तू मानतेस का ते?” यजमान म्हणाले.

“नाही.”

“मग जा.”

मानत नाही म्हणून जाणं सोपं होतं असं नाही. मला अपराधी वाटत नव्हतं, खोटं कशाला सांगू. त्यांचं हृदय बिघडलेलं होतं, मातीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण एका माणसाने एकच घर मनासारखं बांधलं होतं आणि त्यात मी हात घातला होता. ते ओझं नियमाने हलकं होत नाही.

गेले. दिवाणखान्यात पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, सावंतांच्या फोटोला हार. मी हात जोडून बायकांच्या बाजूला बसले. दोघी-तिघींनी माझ्याकडे बघितलं आणि एकमेकींकडे बघितलं. सोसायटीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं.

लोक पांगायला लागले तसा त्यांचा मुलगा माझ्यापाशी आला. पुण्याहून आलेला, झोप नसलेला, डोळे सुजलेले. आवाज मात्र नीट ठेवून बोलला. “मॅडम, तुमचा नियम बरोबरच असेल. माझं काही म्हणणं नाही. पण आई आता इथे एकटी राहणार. मी रिस्क घेणार नाही. ते मागचं बंद करून परत वायव्येला घेतोय. माणूस ठरवलाय, सोमवारपासून काम सुरू.”

माझ्या हातात आता सही नव्हती. बी.यू. एकदा मिळाली की खात्यातलं कुणी परत तिकडे फिरकत नाही, हे त्याला नसेल माहीत, पण मला माहीत होतं. भिंतीपलीकडे जयंतीभाईंची बोअर होती, आणि आता त्या बाळाचं दूध सुटायचे दिवस आले होते. बाप गेलेल्या मुलाला त्याच्याच दारात मी जमिनीचं आणि पाण्याचं काय सांगायचं? एवढी वर्षं तेच तेच सांगितलं आणि हवं तेव्हा एक वाक्य जुळेना.

“सोमवारी कुणी येणार नाही,” वहिनी म्हणाल्या. त्या कधी उठून मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या मला कळलं नाही.

“आई, तू यात पडू नको ने. बाबा गेले.”

“हो, बाबा गेले,” वहिनी म्हणाल्या. “आता खड्डा कुठेही खण, बाबा येतात का? त्या घरात लहान मूल आहे.”

मुलाने तोंडावर हात घेतला आणि मागच्या दाराने अंगणात गेला. वहिनी त्याच्या मागे गेल्या नाहीत.

घर सुतकातलं, म्हणून आल्या-गेल्याचं चहापाणी शेजारून येत होतं. जयंतीभाईंची सून बाळाला कडेवर घेऊन दुसऱ्या हाताने ग्लासांचा ट्रे सांभाळत आत आली. वहिनींनी ट्रेमधला एक ग्लास उचलून माझ्यापुढे धरला.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याकडच्या बोअरचं आहे.”

मी सगळा ग्लास प्यायले.